बिस्किटने अंगठा धरला

लोरीनला मागणी घालायची तर आधी बिस्किटशी जमवून घेणं भाग होतं. बिस्किट म्हणजे तिने पाळलेलं सापाचं पिल्लू: पेन्सिलीएवढं जाड, नारिंगी, पोटावर मक्याच्या कणसासारखी नक्षी, आणि विष औषधालाही नाही. नवरा सोडून गेल्यापासून तिची जीभ भलतीच तिखट झाली होती. ज्याच्या हातावर हा शांत बसेल त्याच्याशीच पुढचं बोलेन, असं तिने चर्चच्या पायरीवर चारचौघांत सांगून टाकलं. जॉर्जियातल्या त्या गावचे बाकीचे इच्छुक तिथेच गळाले. उरला व्हर्जिल, जनावरांच्या खाद्याचा दुकानदार.

रविवारी तो दाढी घोटून आला. फुलं काय, सगळेच नेतात. याने शर्टाच्या खिशातून उंदराची गुलाबी पिल्लं काढली, सकाळीच पोत्यांमागे सापडलेली. लोरीनने कपाळाला हात लावला. असल्या उंदरांपासून सापाला जंत होतात. ती विकतची गोठवलेली पिल्लंच कोमट करून त्याला देत असे. भेट मागल्या दाराने बाहेर गेली आणि व्हर्जिलची रवानगी मोरीत झाली. त्याने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि सवयीने पुसले त्याच शर्टाला.

वरून झडप घालायची नाही, ससाणा आला असं वाटतं त्याला. हात पोटाखालून सरकवायचा, असं तिने बजावलं होतं. व्हर्जिलने अगदी तसंच केलं. बिस्किट मनगटावर चढला, इकडेतिकडे जीभ लपलपवत अंगठ्याशी आला, थबकला, आणि उंदीर समजून त्याने अंगठाच धरला.

दुखलं मांजराच्या ओरखड्याइतकंच. पण व्हर्जिलला वर्षभराची आशाच अंगठ्याला लोंबकळताना दिसली.

"हिसडा देऊ नकोस," लोरीन म्हणाली. "दात मोडतील त्याचे."

"माझ्या अंगठ्याची चौकशी सवडीने कर."

हा काही उंदीर नव्हे हे बिस्किटला यथावकाश कळलं आणि त्याने पकड सोडली. लोरीन ओशाळून गेली होती. पिल्लू खोक्यात ठेवायला तिने घाईघाईने हात पुढे केला. व्हर्जिलने मात्र आपला हात मागे घेतला.

"असू दे थोडा वेळ. आत्ताच ठेवलं तर हा शिकेल, चावलं की माणूस जातो."

साप हाताळण्याचा हा धडा एरवी गावभर शिकवणारी लोरीनच होती. पण आज तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला कसंसंच झालं. खुर्ची ओढून ती त्याच्याशेजारी बसली. बिस्किट बाहीत डोकं खुपसून गप्प पडला होता.

"मीही चावते, व्हर्जिल."

"ठाऊक आहे. अख्ख्या गावाला ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि पाय लांब करून आणखी ऐसपैस बसला.