दारातली घागर

देवरामने टीव्हीची पिन काढली. खोचली. पुन्हा काढली.

"आजोबा, क्या चल रहा है तुमचं?" तृप्तीने मोबाईलमधून डोकं वर न काढता विचारलं. "चारला लास्ट एपिसोड आहे. लोटूआजोबा निघाले पण असतील."

तेच तर. जैनाबादहून लोटू निघाला असेल, तापीच्या पुलावर असेल, रिक्षात गुडघे आवळून बसला असेल. टीव्ही बिघडला म्हणावं, तर नात खोटं पाडणार. ताप आला म्हणावं, तर लोटू कपाळाला हात लावून बघणार. देवराम ओट्यावर गेला, आत आला, पाणी प्यायला, पुन्हा ओट्यावर गेला. सात रविवार दोघांनी ही मालिका मिळून पाहिली होती. तिसऱ्या रविवारी हसता हसता लोटूची कवळी मांडीवर पडली होती. आज आठवा. आज मालिकेतला गडगड्या मरणार होता, आणि लोटूला ते ठाऊक नव्हतं.

ठाऊक नव्हतं, कारण तीस वर्षांपूर्वी देवरामने त्याला खोटं सांगितलं होतं.

*

चार वाजले. मालिका सुरू.

जुनी मराठी कादंबरी, आता हिंदीत केलेली: 'घागरीतला गडगड्या'. घागरीत राहणारा, कायमची सर्दी झालेला राक्षस. तो शिंकला की जगातली एखादी वस्तू आपली जागा सोडते. पाटलाच्या मिशा बकरीला, देवळातली घंटा म्हशीच्या गळ्यात, आणि सगळ्यात मोठ्या शिंकेला चंद्र विहिरीत.

लोटू पलंगावर. देवराम त्याच्यासमोर खुर्चीत, टीव्हीकडे पाठ करून. दोघांचे कान कापड कारखान्यातल्या लूमने खाल्लेले. देवरामला एका कानाने थोडं ऐकू येतं, लोटूला काहीच नाही. म्हणून आवाज पुरता वाढवायचा, देवरामने ऐकायचं आणि नुसते ओठ हलवून लोटूला सांगायचं. ही बोली लूमवरची. ऐंशी लूमच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो. माणसं ओठांनी बोलतात, बोटांनी बोलतात. ज्याला ऐकायचं नसेल तो नजर वळवतो. बोलणं संपलं.

"काय चुळबुळ करी राह्यला रे भो," लोटूचे ओठ म्हणाले. "खुर्चीत मुंग्या आहेत का?"

*

जाहिराती. साबण, सिमेंट, पुन्हा साबण.

लोटूला वाचता येत नव्हतं. लूमवरच्या दिवसांत देवराम घरी त्या कादंबरीचं एक प्रकरण वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी, धोटा इकडून तिकडे पळत असताना, समोरच्या लूमवरच्या लोटूला ओठांनी सांगायचा. शिंक आली की दोघं एकदम मान झटकायचे. मुकादमाला वाटायचं, यांना खरंच सर्दी झाली आहे. अशी एकोणीस प्रकरणं झाली.

विसाव्याच्या आधी लोटूची मुलगी निशा तापाने गेली. सहा वर्षांची. तेरावं करून लोटू कामावर आला, लूम चालू केली, देवरामकडे पाहिलं आणि बोट पुढे फिरवलं. पुढे?

शेवटचं प्रकरण देवरामने वाचून ठेवलं होतं. चंद्र जागेवर नेण्यासाठी गडगड्या घागरीचं तोंड आतून बंद करतो आणि आतल्या आत शिंकतो. चंद्र वर जातो. घागर फुटते. सकाळी एक बाई अंगण झाडते, खापऱ्या सुपात भरते, उकिरड्यावर टाकते. पुस्तक संपलं.

हे त्या माणसाला कसं सांगायचं? देवरामचे ओठ भलतंच बोलून गेले. गडगड्या संपत नाही, बोलले. दारात भरलेली घागर ठेवावी. तो एखाद्या पहाटे तिच्यात येतो आणि जागचं हललेलं जागेवर आणून ठेवतो.

लोटूने मान हलवली आणि तुटलेला धागा जोडला.

तेव्हापासून त्याच्या दारात घागर आहे. देवराम दिवाळीला जातो, लग्नाकार्याला जातो. दर वेळी तिच्या बाजूने आत शिरतो, दर वेळी दुसरीकडे बघतो.

*

मालिका.

गडगड्या घागरीत उतरला. रिमोट देवरामच्या हातात होता, अंगठा लाल बटणावर. दाबला की झालं. अंगठा दाबेना. पाठीमागे संगीत चढत गेलं, एका कानात, अर्धंमुर्धं. मग धाडकन आवाज झाला आणि लोटूच्या चेहऱ्यावर पडद्याचा पांढरा उजेड पसरला.

देवराम वळला नाही. त्याने ओठही हलवले नाहीत. लोटूच्या डोळ्यांत त्याला एक बारीकशी बाई दिसली, वाकून अंगण झाडणारी.

"बहुत सॅड केलं यार," तृप्ती नाक ओढत म्हणाली. तिने रिमोट काढून घेतला, टीव्ही बंद केला.

घर शांत झालं. त्या दोघांना फरक पडला नाही.

"फुटली," लोटूचे ओठ म्हणाले.

देवरामने खुर्ची जवळ ओढली.

"आमची तीनदा फुटली. एकदा गोऱ्ह्यानं पाडली, दोनदा आपली आपण तडकली. मी नवी आणतो. आशा उठायच्या आत भरून ठेवतो."

आपण ओठ चुकीचे वाचले असं देवरामला वाटलं. वहिनी? त्याने विचारलं.

"तिलेच सांगितलं होतं मी तुझं ते. रोज उठली का आधी घागरीत वाकून बघते, मग चूल." लोटूने तोंड पुसलं. "टीव्हीत काय झालं, ते तिले नको सांगू."

"लोटू, ते पुस्तकात नव्हतं," देवरामचे ओठ हलले, "ते मी..."

लोटूने नजर वळवली. खिडकीकडे.

*

देवराम त्याला रिक्षापर्यंत पोचवायला गेला. स्टँडच्या अलीकडे कुंभाराने रस्त्यावर माल मांडला होता. लोटू थांबला. आताची पाझरते, हाताने म्हणाला.

त्याने एक घागर उचलली, मांडीवर घेतली आणि बोटाच्या पेराने ठोकली. कुंभार म्हणाला, बाबा, ऐका ना, कशी खणखणीत बोलते. लोटूने ऐकलं नाही. त्याने दुसरा तळवा घागरीच्या पोटाला लावला आणि पुन्हा ठोकली, थरथर हाताला कळते का ते बघायला. ती ठेवली. दुसरी घेतली. ठोकली. तळवा बराच वेळ तसाच राहिला.

मग त्याने ती देवरामपुढे धरली.

देवरामने दोन्ही हात कोरडे पुसले आणि घागरीच्या दुसऱ्या बाजूला तळवा लावला. लोटूने ठोकलं.