पोग्यावरची रेघ

मार्च संपता संपता पामाभोवतीचं पांढरं कापड सोडून झालं, वेंदुला स्टुलावर चढली, मधल्या पोग्याला हात घातला, आणि पोगा हातात आला. ओढावासुद्धा लागला नाही मेल्याला. बुडाशी तपकिरी लगदा आणि कुजलेल्या कोबीचा वास.

पोगा म्हणजे पामाच्या डोक्यातलं सगळ्यात कोवळं पान, अजून सुरळीत असलेलं. झाडाचा सगळा जीव तिथे. बाकीची पंख्यासारखी पानं बघाल तर हिरवीगार, जणू काही झालंच नाही. पोगा मेला तरी ती महिनोन् महिने तशीच राहतात. असलं ढोंगी झाड मोराव्हियासारख्या थंड प्रदेशातल्या माणसानं अंगणात लावायचं कशाला, असं गावानं वेंदुलाच्या नवऱ्याला, लिबोरला, हजारदा विचारलं होतं. इथे द्राक्षं लावावीत, जर्दाळू लावावेत. पण नाही. आपल्या देशाला समुद्र नाही, निदान किनाऱ्यावरचं झाड तरी असू दे, म्हणून लिबोरनं ते लावलं होतं, आणि दर हिवाळ्यात पानं वर बांधून, कापड गुंडाळून, आत दिव्यांची माळ लावून बर्फात उबदार ठेवलं होतं. मग गेल्या ऑगस्टमध्ये लिबोर गेला, आणि झाड मागे राहिलं. वेंदुलाकडे आणि तिच्या सासऱ्यांकडे.

"काय गं? पोगा हलवून पाहिलास का?" खालून, तळघराच्या दारातून आलोइसबाबांनी विचारलं. जन्मभर द्राक्षमळ्यात वाकून त्यांचे गुडघे कामातून गेले होते, पण कान शाबूत.

नोव्हेंबरात कापड वेंदुलानंच गुंडाळलं होतं, आणि तेही भर पावसात. बाबा म्हणाले होते, 'एक कोरडा दिवस मिळू दे, पोरी, लिबोर ओलं झाड कधी बांधायचा नाही.' पण थंडीचा इशारा रेडिओवर ऐकून तिनं घाई केली. आता ओलं बांधलेलं आतल्या आत कुजलं होतं, दुसरं काय! आणि लिबोर गेल्यापासून हा म्हातारा सकाळी कशासाठी उठत असेल, तर या झाडाच्या दिव्यांची माळ बघायला उठायचा.

"घट्ट आहे, बाबा," ती म्हणाली, आणि पोगा होता तसा परत जागेवर खुपसून ठेवला.

"मग रेघ मार की!"

ही लिबोरची पद्धत. पोग्यावर आणि शेजारच्या देठावर मिळून काळ्या पेनानं एक आडवी रेघ मारायची. पोगा वाढला की त्याच्यावरची रेघ वर सरकते, देठावरची तिथेच राहते. दोन्हींत अंतर पडलं की झाड जिवंत. लिबोर दर रविवारी चर्चहून आल्यावर, सूप पानात पडायच्या आधी, हे अंतर बघायला जायचा आणि बापाला हाक मारायचा. वेंदुलानं मेलेल्या पोग्यावर रेघ मारली. रेघ वाकडी आली.

पहिला रविवार गेला. दुसरा गेला. रेघ जिथल्या तिथे, हलेल कशाला! बाबा चष्मा वर करून बघायचे, खाली उतरायचे, आणि सूप अर्धं टाकून खोलीत जाऊन पडायचे. वेंदुला वर राहायची, ते खाली. जमिनीतून त्यांचा रेडिओ ऐकू यायचा, आताशा तोही येईना. शेजारची श्टेफका कुंपणावरून विचारायची, "काय आलोइस, समुद्राला भरती आली का?" एरवी बाबा तिला खणखणीत उत्तर द्यायचे. आता नुसते मान हलवून आत जायला लागले.

बुधवारी बाबा केस कापायला गेले, तेव्हा वेंदुला स्टुलावर चढली आणि तिनं पोगा नखभर वर ओढला. बास, नखभरच.

त्या रविवारी बाबांची आरोळी श्टेफकाच्या अंगणापर्यंत गेली. "वेंदा! हललीय! रेघ हललीय! चष्मा आण, नाही, तूच ये!" जेवताना त्यांनी यकृताचे गोळे घातलेलं सूप दुसऱ्यांदा मागून घेतलं, वर खसखशीचे दोन पाव खाल्ले, आणि लिबोर लहानपणी जर्दाळूच्या झाडावरून कसा पडला ते सांगत बसले. वेंदुला हसत होती. आतून तिला इतकी लाज वाटत होती की घास उतरेना. पण लाजेनं कुणी मरत नाही, म्हातारा मात्र न जेवता मेला असता, अशी तिनं मनाची समजूत घातली.

पुढच्या आठवड्यात मात्र भलतंच झालं. परत ओढायचं म्हणून ती स्टुलावर चढली, तर रेघ आधीच वर होती. नखभर नाही, चांगली बोटभर. तिनं डोळे चोळले. पोग्याला हात लावायची तिची छाती होईना. तुटलेला पोगा परत धरला असेल? आत कुठे धागा शिल्लक असेल? झाडांचं काय सांगावं! रविवारी रेघ अजून वर. त्याच्या पुढच्या रविवारी अजून. वेंदुलानं हात लावणं सोडूनच दिलं. सकाळी बेकरीत पावांच्या परड्या भरताना, आणि घरीही, ती गुणगुणायला लागली. घरी आल्यावर लिबोरच्या फोटोला म्हणाली, "बघ रे, तुझ्या झाडानं माझं खोटं खरं केलं." आणि रडली. लिबोर गेल्यावर पहिल्यांदाच बरं वाटून रडली.

बाबा मात्र रेघ बघून पहिल्यासारखे ओरडत नव्हते. "हं. वाढतोय," म्हणायचे, आणि तिच्याकडे न बघता खाली उतरायचे. सूप पुन्हा अर्धं राहू लागलं. तिला वाटलं, वय आहे.

मे महिन्यात बर्फाचे तीन संत येऊन गेले. त्यांचे दिवस सरले की थंडी परत येत नाही, तोवर कोणी टोमॅटोचं रोपसुद्धा बाहेर लावत नाही. ते सरल्यावर दरवर्षीसारखा किलिआन आला. लिबोरचा मित्र, शेजारच्या गावचा, त्याच्या अंगणात असले सात पाम. बाबा तळघरातून वाईन आणायला गेले तेवढ्यात वेंदुलानं विचारून घेतलं.

"किलिआन, समज, एखाद्याचा पोगा निघून आला. आणि त्यानं तो परत बसवला. तर तो धरतो का कधी?"

"हा 'एखादा' वेडा आहे का?" किलिआन हसला. "अगं, कापलेले केस डोक्यावर ठेवले तर वाढतील का? मेलेला पोगा तो मेलेलाच. उलट परत खुपसला तर बाटलीला बूच मारल्यासारखं होतं. आत ओल कोंडते, सड खाली खाली उतरत जाते. खाली जिवंत काही उरलेलं असलं तर तेही संपतं. सांग त्याला, बूच काढ, फेसाळणारं जखमेचं औषध ओत, वरून पाऊस लागू देऊ नकोस, आणि गप बस. दोन महिन्यांत जगलं तर जगलं."

"पण त्याची रेघ वर चढतेय."

"मग कुणीतरी चढवतंय," किलिआन सहज म्हणाला. बाबा वर आले आणि विषय थांबला.

कुणीतरी! घरात माणसं दोन. एक ती. वेंदुलानं पुढे ठेवलेल्या वाईनला हातसुद्धा लावला नाही.

शनिवारी दुपारपर्यंत ती बेकरीत असायची. त्या शनिवारी डोकं दुखतंय म्हणून लवकर सुटली, मागच्या वाटेनं घरी आली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत पडद्याआड उभी राहिली. बाबा अंगणात होते. एका हातानं भिंत धरून, गुडघ्यांना शिव्या देत ते स्टुलावर चढले. दोन बोटांनी पोगा धरला, किंचित वर उचलला, रेघ बघितली, आणि मग त्याच्यावरून हात फिरवत तसेच उभे राहिले. मग बाहीनं नाक पुसलं.

वेंदुला पायातल्या सपातांसकट बाहेर धावली. घरातल्या सपाता घालून अंगणात आलेलं बाबांना अजिबात खपायचं नाही, पण त्यांचं तिकडे लक्षच गेलं नाही. तिला बघून ते इतके दचकले की पोगा त्यांच्या हातातच राहिला, बुडाच्या काळ्या लगद्यासकट.

"मी उपटला गं," ते म्हणाले. "वाढत होता. ती पहिली रेघ हलली ना, तेव्हा मला राहवेना. दुसऱ्या दिवशी हात लावून बघितला, आणि हातात आला. चांगला वाढता पोगा मी या राकट हातांनी उपटून काढला. तुला कसं सांगू? तू नुकतीच हसायला लागली होतीस."

"बाबा, खाली उतरा आधी."

"लिबोरचं झाड मी मारलं, वेंदा."

"तुम्ही नाही मारलं! मार्चमध्येच माझ्या हातात आला होता तो. पहिल्याच दिवशी."

"तू तर घट्ट आहे म्हणालीस."

"खोटं बोलले."

"आणि रेघ हलली ती?"

"मी ओढला. नखभर."

बाबा खाली उतरले आणि त्याच स्टुलावर बसले. मग त्यांनी पोगा जमिनीवर आपटला.

"एवढे दिवस! एवढे दिवस मला झोप नाही, कळतंय का तुला? रोज सकाळी उठलो की पहिला विचार तोच, पोराची एकच वस्तू होती ती मी मारली. कबरीवर जायची चोरी झाली मला! आणि तू वरच्या मजल्यावर गाणी म्हणत होतीस!"

म्हाताऱ्याला दुःख नको म्हणून वेंदुलानं एक शब्द खोटा सांगितला होता, आणि त्या शब्दानं त्याच्या गळ्यात खुनाचं पाप बांधलं होतं. हे तिनं केलं होतं, प्रेमानं केलं होतं, आणि प्रेमानं केलं म्हणून ते तसूभरही कमी वाईट नव्हतं. तिला बाबांच्या पाया पडावंसं वाटलं. ती नुसतीच चिखलात बसली.

"मी ओलं बांधलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणत होता. तुमचं तोंड बघायची हिंमत झाली नाही."

बाबांनी सुस्कारा सोडला. त्यांचा राग लवकर चढायचा आणि तितक्याच लवकर उतरायचा, गाव ओळखून होतं.

"आणि मी तरी काय केलं?" ते म्हणाले. "मी पण तुला रेघच दाखवत बसलो." त्यांनी तो काळा लगदा बुटानं बाजूला सारला. "हॉस्पिटलात आठवतंय? लिबोर म्हणायचा, 'आज बरं वाटतंय, बाबा.' मी म्हणायचो, 'हो रे, रंग सुधारलाय तुझा.' सगळा उन्हाळाभर. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. एकमेकांना रेघ वर ओढून दाखवत राहिलो. शेवटी त्याला नीट निरोप द्यायचाच राहिला."

वेंदुलाही रोज त्याच खोलीत बसून लिबोरला शरद ऋतूतल्या सहलीचे बेत सांगत होती. तिनं बाबांचा हात धरला, आणि ती दोघं तिथेच बसून रडली, श्टेफका कुंपणाशी येऊन निमूट परत गेली तरी उठली नाहीत.

मग बाबांनी आधी डोळे पुसले. "किलिआनला तू विचारलं असशीलच. काय करायचं म्हणतो तो?"

मोरीच्या कपाटातून औषधाची बाटली आली. पोग्याच्या जागी पडलेल्या भोकात वेंदुलानं ते ओतलं आणि आतून पांढरा फेस उसळून वर आला. सड भरपूर खाली गेली होती. लगदा काही आठवड्यांपूर्वी काढला असता तर काय झालं असतं, हे दोघांच्याही मनात आलं. यावेळी बाबा ते बोलून मोकळे झाले, आणि वेंदुलानं "हो" म्हटलं. पाऊस लागू नये म्हणून माळ्यावरून लिबोरची क्रोएशियाच्या किनाऱ्यावरची मोठी पट्ट्यापट्ट्यांची छत्री काढली आणि झाडाच्या डोक्यावर बांधली.

संध्याकाळी श्टेफकाला ती दिसलीच. "अगं बाई! समुद्रावर आता छत्रीही लागली! मग, भरती कधी?"

"झाड बहुतेक मेलंय, श्टेफका," बाबा म्हणाले. "बघू."

श्टेफका आत गेली. थोड्या वेळानं तिनं कुंपणावरून चेरीचा वाडगा पुढे केला.

रविवारी चर्चहून आल्यावर बाबा स्टुलावर चढले, छत्रीखाली डोकं घालून भोकात बघितलं, आणि खाली उतरले. स्टूल वेंदुलाकडे सरकवलं.

"तू बघ. आणि जे दिसेल तेच सांग."

वेंदुला चढली. आत अंधार होता, आणि वाळलेल्या कडा. बॅटरी लावून तिनं बराच वेळ बघितलं. हिरवं काहीतरी दिसावं म्हणून डोळ्यांना पाणी येईपर्यंत बघितलं.

"काही नाही, बाबा."

"मलाही काही दिसलं नाही," बाबा म्हणाले. तिचा हात धरून त्यांनी तिला खाली उतरवलं, दोघं आत गेली, दारात बूट काढले, आणि त्या दिवशी बाबांनी सूप दुसऱ्यांदा मागून घेतलं.