अर्ध्या छपराची गोधडी

मला कुणी अंगावर घेत नाही. मी गोधडी आहे, पण माणसाची नाही, घराची. कौलांच्या खाली, दोन वाशांच्या मधल्या जागेत मला बसवतात आणि आतून फळ्या ठोकतात. त्यानंतर मी कुणाला दिसत नाही. म्हणून फळ्यांआडूनच बोलते.

माझा जन्म जुन्या कपड्यांतून झाला. फ्रान्सच्या उत्तरेला एका मोठ्या शेडमध्ये टाकून दिलेल्या कपड्यांचे ढीग येत. तिथल्या बायका बटणं कापत, चेन उसवत आणि उरलेलं यंत्रात घालत. यंत्राने आम्हाला पिंजून पिंजून पुन्हा कापूस केलं. माझ्यात कुणाची शाळेची पँट आहे, कुणाचा खानावळीतला ॲप्रन, कुण्या नवरदेवाचा एकदाच घातलेला शर्ट. यंत्राच्या दुसऱ्या तोंडातून मी बाहेर पडले तेव्हा वीतभर जाड, निळसर करडी आणि मऊ झाले होते.

तिथेच मी पहिल्यांदा ऐकलं, की आजूबाजूच्या देशांतली सरकारं लोकांना छपरं झाकायला पैसे देतात. मला आधी खरंच वाटेना. कुठल्या तरी गावातला बेकरीवाला कर भरतो, कुठली तरी नर्स भरते, आणि त्यातला एक वाटा कधी न पाहिलेल्या बाईच्या छपरासाठी जातो. कशासाठी? तर तिच्या खोलीतली ऊब आभाळात निघून जाऊ नये म्हणून! हे ऐकून मला इतकं नवल वाटलं, की दाबून बांधलेल्या गठ्ठ्यात मी फुगायलाच लागले.

ट्रकने मला ज्या रस्त्यावर आणलं, त्याच्या एका कडेची घरं जर्मनीत आहेत आणि दुसऱ्या कडेची नेदरलँड्समध्ये. जर्मन कडेला ट्रूडे राहते. ती शाळेत शिवण शिकवायची. तिने माझ्यातला एक धागा ओढून बोटांत चोळला आणि म्हणाली, "हा कॉर्डरॉय होता." मला ती तेव्हाच आवडली.

ट्रूडेला माळ्यावरची खोली गरम करायची होती, तिच्या मोठ्या बहिणीसाठी, आग्नेससाठी. आग्नेसने चाळीस वर्षं टपाल वाटलं. पाय अजून भक्कम आहेत, पण आठवण विरत चालली आहे. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ती रोज विचारते, "माझी खोली कुठेय?" तिची खोली म्हणजे ही माळ्यावरची, लहानपणची. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीच्या जागी राहिली तर बरं. पण हिवाळ्यात तिथे पेल्यातलं पाणी गोठायचं.

समोरच्या डच कडेला हुब राहतो. हुब आणि ट्रूडे लहानपणापासूनचे मित्र. दर शनिवारी तो तांदळाच्या खिरीचा केक घेऊन रस्ता ओलांडतो आणि न मागितलेला सल्लाही आणतो.

"सरकारी पैशाचं सोपं आहे गं," तो म्हणाला. "आधी काम, मग फोटो, मग अर्ज. मी तसंच केलं. पैसे घरबसल्या आले."

"नक्की?"

"फोटोत कारागीर हसताना घे. कचेरीतल्या लोकांना आवडतं."

"तुझ्या फोटोत कोण हसत होतं?"

"मीच. म्हणून तर लवकर मंजूर झालं."

कारागिराने डावीकडून सुरुवात केली. दोन वाशांमधल्या जागेपेक्षा बोटभर जास्त रुंद कापून त्याने मला आत ढकललं. मी दोन्ही बाजूंनी वाशांना धरलं. खिळा नाही, डिंक नाही. ट्रूडेने फोटो काढले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डावी बाजू फळ्यांसकट पुरी झाली. कारागीर जेवायला बसला, तोवर अर्जाचं विचारून घ्यावं म्हणून ट्रूडेने कचेरीत फोन लावला.

"काम कधी सुरू करणार?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"करणार म्हणजे? निम्मं झालंसुद्धा. फोटो आहेत माझ्याकडे."

"बाई, आपल्याकडे आधी अर्ज, मग काम."

"पण समोरच्या घरी..."

"समोरचं घर कुठे आहे?"

ट्रूडेने खिडकीतून बाहेर पाहिलं. "नेदरलँड्समध्ये," ती हळूच म्हणाली.

बाई कठोर नव्हत्या. त्यांनी वाट सुचवली. झालेल्या बाजूचे पैसे आता मिळणार नाहीत. उरलेल्या बाजूसाठी नव्याने अर्ज करा. मंजुरीचा कागद यायला वसंत उजाडेल. तोवर तिथे हात लावायचा नाही, एक खिळासुद्धा नाही.

ट्रूडे नियम पाळणारी बाई. तिने कारागिराला झालेल्या कामाचे पैसे देऊन परत पाठवलं आणि नवा अर्ज भरला. वृद्धाश्रमात कळवलं, "आग्नेसला या हिवाळ्यात नेता येणार नाही."

अशी मी अर्धी वाशांत आणि अर्धी बांधलेल्या गठ्ठ्यांत राहिले. एकाच खोलीत दोन ऋतू होते. डावीकडे जिन्यातून येणारी ऊब माझ्यापाशी थांबायची. उजवीकडे तीच ऊब माझ्या गठ्ठ्यांवरून सरकत कौलांच्या फटींतून निघून जायची आणि मला काहीच करता यायचं नाही.

डिसेंबरात बर्फ पडला. मी बर्फ कधी पाहिला नव्हता. सगळ्या रस्त्याचा आवाज बंद झाला. एवढं मोठं आभाळ इतकं हलकं होऊन खाली येतं, आणि कौलावर टेकताना जराही वाजत नाही! डावीकडे तो माझ्यावर शांत पडून राहिला. उजवीकडे मात्र खालच्या उबेने वितळून थेंब थेंब ओघळला. सकाळी अख्ख्या रस्त्याने पाहिलं, ट्रूडेचं छप्पर अर्धं पांढरं आणि अर्धं काळं होतं.

हुबनेही पाहिलं. त्या दिवसापासून त्याच्या खिडकीचे पडदे बंद. त्या कडेला दिवसाढवळ्या कुणी पडदे ओढत नाही. दोन दिवस गेले, शनिवार आला, तरी केक आला नाही. तेव्हा ट्रूडे रस्ता ओलांडून गेली आणि दारावर थाप मारून ओरडली. माळ्यापर्यंत ऐकू आलं.

"हुब! मेलास की काय?"

"नाही."

"मग पडदे का ओढलेस?"

"तुझं छप्पर दिसतं."

"छप्पर माझं आहे. लाज वाटायची तर मला वाटू दे. कॉफी ठेवलीय, चल."

दोघं परत आली तर दार उघडं होतं. जिन्यावर ओल्या सपातांचे ठसे. आग्नेस वृद्धाश्रमातून निघून बर्फातून चालत आली होती आणि थेट माळ्यावर गेली होती. वृद्धाश्रमाचा पत्ता तिला कधीच सांगता आला नाही, पण इथल्या जिन्याची मोडकी पायरी तिने न बघता ओलांडली.

ती माझ्या गठ्ठ्यावर बसली होती. तिचे पाय निळे पडले होते. तरीही तिच्यातून ऊब येत होती. माणसात केवढा लहानसा विस्तव असतो, आणि तो एवढ्या बर्फातून न विझता चालत येतो!

हुबने पटकन स्वतःचे मोजे काढून तिच्या पायांत घातले. ट्रूडेने तिला शालीत गुंडाळलं. आग्नेसने गठ्ठ्यावर हात फिरवला.

"माझ्या खोलीत हे काय ठेवलंयस?"

"गोधडी आहे. छपराची."

"मग घालत का नाहीस?"

"कागद यायचाय, आग्नेस."

"कुणाचा?"

"सरकारचा."

आग्नेस हसली. "कागद उशिरा येतात गं. मी वाटलेत, मला विचार." मग तिने ट्रूडेकडे नीट पाहिलं. "तू ट्रूडे आहेस ना?"

"हो."

"आज लगेच ओळखलं बघ."

ट्रूडे खाली गेली, आग्नेस इथेच राहील असं वृद्धाश्रमाला फोनवर कळवलं आणि शिवणाची मोठी कात्री घेऊन वर आली. मला बांधणारं प्लॅस्टिक तिने एका दमात टरकावलं.

"अगं, कागद?" हुब घाबरून म्हणाला. "उरलेले पैसेही जातील!"

"तुझ्या सल्ल्याने निम्मे गेले. निम्मे माझ्या सल्ल्याने जाऊ देत. बाह्या वर कर."

मी मोकळा श्वास घेतल्यासारखी फुगले. ट्रूडेने मापं घेतली, हुबने मला आत ढकललं. आग्नेस गठ्ठ्यावर बसून मुकादमी करत होती. "वाकडं जातंय, डच!" ती ओरडली. तीन दिवसांत उजवी बाजूही झाली. फळ्या ठोकायला तो कारागीर आला. म्हणाला, इथूनच चाललो होतो.

सोमवारी सकाळी कचेरी उघडताच ट्रूडेने तिथे फोन केला होता. काही न लपवता सांगितलं. बाईंनी अर्ज मागे घेतल्याची नोंद केली. फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "खोली गरम होईल ना?"

"होईल."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या.

त्या बेकरीवाल्याचा आणि नर्सचा वाटा या छपराला मिळाला नाही. दुसऱ्या कुठल्या तरी छपराला मिळाला असेल. त्याचं मला अजूनही पूर्वीइतकंच नवल वाटतं.

आता हा माझा दुसरा हिवाळा. आग्नेस खालीच राहते, म्हणजे माझ्या खाली. या हिवाळ्यात ती ट्रूडेला कधी आई म्हणते, कधी शेजारीण. पण मागचा हिवाळा त्या दोघींना मिळाला. सबंध हिवाळाभर ती रोज सकाळी बहिणीला नावाने हाक मारत होती. ती प्रत्येक हाक मी फळ्यांमागून ऐकली आहे.

म्हणून तुम्हा वाचणाऱ्यांकडे एकच मागणं आहे. छपरं झाका. अर्ज आधी करायचा की नंतर, ते शेजाऱ्याला न विचारता आपल्या कचेरीत विचारा. पण ज्या माणसासाठी खोली गरम करताय, त्याला कागदासाठी बाहेर थांबवू नका.