कार्डं निवडणारा दाभण

मित्रांनो, मी एक जुना दाभण आहे. सुईचा थोरला भाऊ म्हणा हवं तर. रोहिणखेडच्या एका लोहाराने मला पोलादी सळईच्या तुकड्यातून घडवलं, मागे सुतळीपुरतं नेढं पाडलं आणि चिखलीच्या बाजारात विकायला आणलं. तिथे मला निवृत्तीने घेतलं. तो अडतीत पोती शिवायचा. त्याच्या हातात मी दहा वर्षं ज्वारीची, तुरीची पोती शिवली. माझं शिवलेलं पोतं गाडीवरून आपटलं तरी उसवत नसे, हे मी जरा फुशारकीनेच सांगतो.

पण माझ्या हातून सगळ्यात मोठं काम झालं ते सुतळीशिवाय.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. निवृत्तीची मुलगी रुख्मिणी पाचवीत नापास झाली. जूनमध्ये शाळा उघडली आणि हेडमास्तर शंकररावांनी ठरवलं, की ‘मला, तुला’ न म्हणता घरच्यासारखं ‘मले, तुले’ बोलणाऱ्या मुलांची वेगळी तुकडी करायची. अशीच मुलं जास्त नापास होतात, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता, निकालाची काळजी त्यांना खात होती. निवृत्तीला मात्र ते फार लागलं. तो तडक शाळेत गेला आणि रुख्मिणीच्या शिक्षिका सरस्वतीबाईंना म्हणाला, "बाई, माह्या पोरीले येगळं बसवणार असान, तं मी तिले घरीच ठेवतो."

"निवृत्तीभाऊ, मला आठ दिवस द्या," बाई म्हणाल्या. मग त्याच्या पागोट्यात खोचलेल्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आणि हा दाभणही द्या."

बाईंना एक छंद होता. कोण कसं बोलतं आणि ते बोलणं कसं बदलत जातं, हे त्या मोजत. मुलांचं बोलणं त्या मधल्या सुट्टीत ऐकत, कारण वर्गात मुलं बाईंना आवडेल असं बोलतात. गेल्या वर्षभरात त्यांनी एकशे चाळीस मुलांच्या नोंदी केल्या होत्या. आता त्यांनी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची तेवढीच कार्डं कापली, एका मुलाला एक. एसटीच्या कंडक्टरकडून तिकिटांचा चिमटा मागून आणला आणि प्रत्येक कार्डाच्या काठाला ओळीने भोकं पाडली. पहिलं भोक बोलीचं, दुसरं नापासाचं. मूल घरची बोली जास्त बोलत असेल, तर पहिलं भोक कात्रीने काठापर्यंत उघडायचं. नापास असेल, तर दुसरं. मग सगळी कार्डं एकत्र धरून भोकात मला घालायचं आणि वर उचलायचं. उघडलेली कार्डं खाली पडायची, बाकीची माझ्यावर लोंबकळत राहायची. पाचवी-सहावीला शिकवणाऱ्या बाईंचं हे डोकं! मी तर थक्क झालो.

बोलीचा दोष नाही, हे बाईंना दाखवायचं होतं. पण पहिलाच निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. घरची बोली बोलणाऱ्या ऐंशी मुलांत छत्तीस नापास. ‘मला, तुला’ म्हणणाऱ्या साठांत फक्त सोळा. बाईंनी तीनदा मोजलं, तरी तेच. त्यांचा चेहरा उतरला. आकडे लपवणं सोपं होतं, पण त्यांनी ते लपवले नाहीत. निवृत्ती विचारायला आला, तेव्हा त्यांनी त्याला खरं सांगून टाकलं.

निवृत्तीने एक कार्ड उचलून उलटंसुलटं पाहिलं. मग म्हणाला, "बाई, मले लिवता-वाचता येत नाई. पन अडतीत वला कापूस अन् वाळला कापूस एका काट्यावर नाई घालत कोनी. पयले येगळे करा, मंग तोला. या पोरायमंदी वलं-वाळलं काही हाय का, पाहा ना."

बाई ताडकन उठल्या. हजेरीपट काढला आणि तिसरं भोक पाडलं. कापूस वेचणीच्या दिवसांत जी मुलं महिना-महिना शाळेत आली नव्हती, त्यांचं ते भोक त्यांनी उघडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शंकररावांच्याच हाती दिलं. "सर, तुम्हीच उचला." शंकररावांनी उचललं. गैरहजर मुलं खाली पडली, रोज येणारी माझ्यावर राहिली. मग दोन्ही गठ्ठे त्यांनी पहिल्या आणि दुसऱ्या भोकातूनही उचलले. रोज येणाऱ्यांत घरची बोली बोलणारी तीस, त्यांत सहा नापास. दुसरी पन्नास, त्यांत दहा नापास. दोन्हीकडे पाचात एकच! गैरहजर मुलांतही दोन्हीकडे सारखंच, पाचात तीन. घरची बोली बोलणाऱ्या पन्नासात तीस नापास, दुसऱ्या दहात सहा. शंकररावांनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

"म्हणजे बोलीचा यात काही दोष नाही, ती मुलं वेचणीला जास्त जातात एवढंच," ते म्हणाले. "वेगळी तुकडी होणार नाही. वेचणीनंतर जादा वर्ग घेऊ."

बाईंना केवढा आनंद झाला! निवृत्ती मात्र दाराशी मान खाली घालून उभा होता. "रुख्मिणीचं कारड खाली पडलं असन ना, बाई?" त्याने विचारलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली. "म्याच नेलं होतं तिले वेचाले. दीड महिना. पोरीची जीभ नाई चुकली, बाप चुकला."

त्या कार्तिकात निवृत्ती आणि त्याची बायको गीताबाई दोघंच वेचणीला गेले. रुख्मिणी शाळेत होती. मला निवृत्तीने बाईंपाशीच राहू दिलं.

दहा वर्षांनी बाईंनी नव्या मुलांची कार्डं केली. ‘मले’ म्हणणारी मुलं पुष्कळच कमी झाली होती. नापास मात्र गैरहजर राहणारीच होत होती. पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मी कार्डांसकट शाळेच्या कपाटात गेलो. आता मला गंज चढलाय आणि कपाट कोणी उघडत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. एखाद्या मुलाच्या बोलण्यावरून त्याची किंमत ठरवण्याआधी, वेचणीच्या दिवसांत ते कुठे होतं, एवढं मात्र विचारा.