मूठ समोरच्याकडे

आमच्या घरात वस्तू टाकत नाहीत. नाटकांना सामान पुरवणे हा आमचा धंदा. तलवारी, मुकुट, कंदील, पिस्तुले. सगळे खोटे आणि सगळे जपायचे. पाते असो वा नळी, टोक आपल्या पोटाकडे, मूठ समोरच्याकडे, डावा तळहात खालून आधाराला, आणि समोरच्याने घट्ट धरल्याशिवाय आपण सोडायचे नाही. या घरात आलेल्या प्रत्येक सुनेला मी आधी हे शिकवले, स्वयंपाकघर मागाहून दाखवले.

“खोटी वस्तू अशी हवी की पहिल्या रांगेतल्याचाही श्वास अडकावा,” असे आमचे यजमान म्हणत. ते काळे पिस्तूल त्यांच्याच हातचे. लाकडाचे, पोटात शिसे ओतलेले, घोडा तेवढा पितळी.

त्या दुपारी माझा धाकटा ते नाटकगृहातून परत आणत होता. नटाने चाळा करून घोडा अडकवून ठेवला होता. नटांच्या हाती वस्तू म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. घरी येईपर्यंत धाकट्याला दम निघेना. बँकेच्या पायरीशी ऊन चांगले पडले होते, तिथेच थांबून त्याने फडके सोडले आणि पिस्तूल डोळ्यांसमोर धरून घोडा चाचपू लागला. बँकेतून कोणी तरी फोन केला. पोलिसांची गाडी आली. “खाली टाक!” असे ते ओरडले.

माझ्या मुलाने टाकले नाही. त्याने ते फिरवले, मूठ त्यांच्याकडे केली आणि द्यायला हात लांबवला. गोळी मनगटातून गेली.

हात राहिला, पण बोटे मिटत नाहीत. वर आरोप त्याच्यावरच, की पोलिसांवर शस्त्र रोखले.

त्या गाडीत माझा पुतण्या होता. आईबापांवेगळे पोर, मी वाढवलेले. खेळात नेहमी हाच फौजदार व्हायचा आणि धाकट्याला चोर करायचा. घरात नावच पडले फौजदार. पुढे खरोखरच झाला, तेव्हा आम्ही किती हसलो होतो. गोळी त्याने झाडली नाही, त्याच्या साहेबाने झाडली. पण याने सगळे पाहिले होते, आणि धाकटा काय करत होता हे त्या गाडीत फक्त यालाच कळण्यासारखे होते. याच्या एका वाक्यावर माझ्या मुलाची सुटका अवलंबून होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी त्याला बोलावून घेतले. आला, नेहमीच्या पाटावर बसला. जेवण पुढे आले तरी घास उचलेना.

“जेव. उपाशी पोटी कोणाला खरं बोलवत नाही,” मी म्हणाले.

“काकू, साहेब म्हणतात...”

“तुझ्या साहेबांना मी जेवायला बोलावलेलं नाही. तू काय म्हणतोस?”

“जे पाहिलं ते सांगेन.”

“काय पाहिलंस?”

तो ताटाकडे पाहत म्हणाला, “तो देत होता.”

“मोठ्यानं बोल. धाकटा आत पडलाय, त्याला ऐकू जाऊ दे.”

“देत होता, काकू!”

आतून धाकट्याचा आवाज आला, “अरे चोराला साक्षीदार मिळाला रे!” दोघेही हसले. त्या हसण्यावर मी विसंबले.

चौकशीची खोली लहानशी होती. एक लांब टेबल, त्यावर चिठ्ठी बांधलेले आमचे पिस्तूल, पलीकडे चौकशी अधिकारी. गोळी झाडणारे साहेब खिडकीपाशी हाताची घडी घालून बसलेले. पुतण्या उभा राहिला. कपड्यांना कडक इस्त्री होती.

“तो इसम वस्तू देत होता की रोखत होता?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“रोखत होता.”

मला वाटले, आपण चुकीचे ऐकले.

“वस्तू विशिष्ट रीतीने देण्याची तुमच्या घरात पद्धत आहे, असं यांचं म्हणणं आहे.”

“असली पद्धत मला ठाऊक नाही.” एवढे बोलून तो थांबला नाही. “काकूंचं वय झालंय,” असेही म्हणाला.

आमच्याकडे पाठीत खुपसायचे खंजीर भाड्याने मिळतात. त्यांचे पाते दाबले की मुठीत शिरते. याचे शिरले नाही. नुसता मुलाविरुद्ध बोलला असता तर भित्रा म्हणून सोडून दिले असते. याने घरच नाकारले. ज्या घराचे मीठ खाल्ले, त्याचे वासे मोजून दाखवले.

वकील माझ्या कानाशी लागले, “आता काही बोलू नका.” मला गप्प बसवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मी उठले.

“साहेब, ती वस्तू आमचीच का, हे कोणी तरी ओळखायला नको का?”

अधिकारी म्हणाले, “ओळखा ना, आजी. इथूनच बघा.”

“या वयात मला इथून तुमचा चेहरासुद्धा दिसत नाही. हातात आल्याखेरीज सांगता यायचं नाही.”

त्यांनी पुतण्याला खूण केली. त्याने टेबलावरून पिस्तूल उचलले आणि माझ्याकडे वळला. वळता वळता ते त्याच्या हातात फिरले. नळी स्वतःच्या पोटाकडे, मूठ माझ्याकडे, डावा तळहात खालून.

मी हात पुढे केला नाही.

तो तसाच वाकून उभा. माझ्या बोटांची पकड पडल्याशिवाय त्याला सोडता येत नव्हते. खिडकीपाशी साहेबांनी हाताची घडी सोडली. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि त्या हातांकडे पाहत राहिले.

“खाली टाक,” मी म्हणाले.

त्याने टाकले नाही. कानशिलावर घाम आला, तरी टाकले नाही.

“काकू, घ्या ना,” तो पुटपुटला. आवाज लहानपणचा होता.

“घेतलं असतं. मघाशी साक्षही अशीच दिली असतीस तर.”

शेवटी अधिकाऱ्यांनीच उठून, मुठीला धरून, ते त्याच्या हातून काढून घेतले. “पद्धत दिसली,” एवढेच म्हणाले.

बाहेर पडताना तो दाराशी आडवा आला. “काकू, नोकरीचा प्रश्न होता.”

“नोकरी राहील तुझी. पाट मात्र मी उचलला.”

आरोप मागे घेतला जाईल, असे वकील सांगतात. घरी आल्यावर मी धाकट्याला सगळे सांगितले. तो उशीला टेकून ऐकत होता. मध्येच म्हणाला, “डावा हात खालून होता त्याचा?”

“खालून.”

“मीच शिकवलं होतं. त्याला जमायचंच नाही आधी,” असे म्हणून तो हसला आणि पडदा सारून रस्त्याकडे पाहू लागला, जणू फौजदार अजून जेवायला यायचा होता.

मी पडदा ओढून घेतला.