कर्नलसाहेबांची ट्रंक आणि शिवलीलेचा खांदा

मित्रांनो, मी एक जुनी काळी ट्रंक आहे, कर्नाटकातल्या आळंदच्या कर्नल अमरेश यांची. बिदरच्या पत्रेवाल्याने मला घडवले आणि झाकणावर पांढऱ्या रंगाने त्यांचे नाव रंगवले. साहेबांबरोबर मी बर्फात राहिले, वाळवंटात राहिले. पोटात वर्दी आणि बूट असत. कुठे जायचे, कशाला जायचे, हे मला नेहमी ठाऊक असे.

निवृत्तीनंतर साहेबांना राष्ट्रीय क्रिकेट संघटनेत खेळाडूंची व्यवस्था पाहण्याचे काम मिळाले. त्यांची आई दानम्मा माझ्यात शेंगदाण्याच्या पोळ्या ठेवत म्हणाली, "फौज सुटली की रं. आता आन् कामून चाललास?"

"खेळाचं काम हाय, अव्वा."

"खेळाला कर्नल कशाला लागतो?"

साहेबांनी माझे झाकण लावले. कशाला जायचे, हे या वेळी मला ठाऊक नव्हते.

मुंबईच्या कचेरीत मी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बाकडे झाले. तिथे हुकूम चालत नव्हता. साहेब सांगत, सगळे हसून 'हो' म्हणत आणि काम तसेच पडून राही. ही छावणी की लग्नघर, मला कळेना.

एका दुपारी शिवलीला नावाची गोलंदाज माझ्यावर येऊन बसली. तीही आळंदकडचीच. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता. पाण्याची बाटली उचलायला तिने उजवा हात पुढे केला आणि मध्येच मागे घेऊन ती डाव्या हाताने उचलली. दुखणे लपवणारे जवान साहेबांनी पुष्कळ पाहिले होते.

"खांदा दुखायलाय?"

"न्हाई, सर." मग हळूच, "थोडा. कुणाला सांगू नका, अण्णा."

साहेबांनी डॉक्टरांना बोलावले. ही उद्या खेळली तर खांदा कायमचा जाईल, असे डॉक्टर म्हणाले. साहेबांनी तिला सामन्यातून बाहेर ठेवले.

"तुमच्यावर भरवसा ठेवला, आन् तुमीच माझा खेळ काढून घ्यायलाव," एवढे बोलून ती निघून गेली.

संघ हरला. वरिष्ठ रुसले, वर्तमानपत्रांनी नावे ठेवली. साहेब माझ्यावर येऊन बसले. "लढाईत कळायचं, माणूस वाचला का नाही," ते भेटायला आलेल्या डॉक्टरांना म्हणाले. "इथं मी काय वाचवलं?"



पुढे खांदा बरा झाला. शिवलीला पुन्हा गोलंदाजी करू लागली, पण साहेबांशी बोलेना. परवा मात्र ती आत आली, त्यांच्याकडे न बघता माझ्यावर बसली आणि म्हणाली, "आज गुडघा दुखायलाय. कुणाला सांगायचं ते सांगा."

साहेबांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला.

मित्रांनो, क्रिकेट मला अजूनही कळलेले नाही. एवढेच मागते, तुमचे काही दुखले तर कुणाला तरी सांगा. आणि कुणी तुम्हाला सांगितले तर त्याला सांभाळा, तो तुमच्यावर रुसला तरी.