काथ्याला भिणारे कौल

मी एक जुने कौल आहे. जन्म छपरावर काढला आणि म्हातारपणी माशांच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात येऊन राहिले.

मित्रांनो, मी मुळातच भित्रे. शेणवे गावच्या कुंभाराने भट्टीत घातले तेव्हापासून तडा जाण्याची धास्ती मनात बसली. पुढे धोंडीबाईंच्या घरावर चढले. वानरांची टोळी आली की शेजारची कौले फटाफट फुटायची आणि मी जीव मुठीत धरून बसायचे. घर शाकारताना धोंडीबाई मला थोपटून म्हणायच्या, "लय चिवट हाय बग." तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी पावसाळे अंगावर घेतले.

घरावर स्लॅब आला आणि आम्ही कौले परसात पाचोळ्याखाली गेलो. तिथून मला उचलले वाशिंदला राहणाऱ्या त्यांच्या सुनेने, समीक्षाने. तिने मला धुतले, भिजवले आणि टाकीत तिरपे उभे केले. तिथे क्लाउनफिशची जोडी होती. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे. मोठी ती मादी, लहान तो नर.

एके दिवशी दोघे तोंडाने मला टोचू लागले. मला वाटले, आता हे मला कुरतडून खाणार! पण ते माझ्यावरची जागा साफ करत होते. मग मादीने तिथे बारीक केशरी अंडी चिकटवली आणि नर पंखांनी त्यांना वारा घालू लागला. खराब झालेले अंडे तेवढे तो वेचून काढी. छपरावर मी धोंडीबाईंची पोरे जपली होती, आता ही जपायची होती.

दिवाळीला धोंडीबाई आल्या. समीक्षा कामावर गेली होती.

"माज्या घरचां कौल, आन काय ह्याची दशा!" असे म्हणत त्यांनी मला बाहेर काढले आणि मोरीवर काथ्याने खसाखसा घासले. ओरडायला मला तोंड नव्हते. परत पाण्यात ठेवले तेव्हा नर माझ्या रिकाम्या अंगाला वारा घालत राहिला. संध्याकाळी समीक्षा पाहून रडली, पण सासूबाईंना काही बोलली नाही.

काही दिवसांनी पुन्हा अंडी आली. या वेळी त्यांत चंदेरी डोळे दिसू लागले. म्हणजे अंधार पडला की पिल्ले बाहेर येणार. नेमक्या त्याच दिवशी धोंडीबाई पुन्हा आल्या आणि समीक्षा अजून घरी पोचायची होती. मला मोरीतला काथ्या दिसत होता. हात पाण्यात आला आणि माझा धीरच सुटला.

तेवढ्यात नर सुसाट आला आणि बोटाला कडकडून चावला.

"आगो बाय, चावला गो!" धोंडीबाईंनी हात झटकला. मग वाकून निरखून पाहिले. "डोलं हाईत ह्यांना? खुडूक कोंबडीवानी राखण करतोय मेला." मोरीतल्या काथ्याकडे नजर गेली आणि म्हणाल्या, "मंग मागं मी काय घासलां?"

इतक्यात वीज गेली. पंप थांबला, बुडबुडे थांबले. मासे वर येऊन तोंड वासू लागले. आता ही अंडी माझ्याच अंगावर मरणार, या विचाराने मी गारठले.

समीक्षा धावतच घरात आली. पेल्याने पाणी उचलून ती उंचावरून परत टाकीत ओतू लागली. "आई, पाण्यात हवा गेली पायजे. नायतर पोरं जगायची नाय."

तिचे हात भरून आले तेव्हा धोंडीबाईंनी पेला घेतला. वीज येईपर्यंत त्यांनी तो कुणाला दिला नाही.

दिवे मालवल्यावर पिल्ले एकेक करून माझ्यावरून सुटली. समीक्षाने त्यांना वेगळ्या भांड्यात नेले. किती जगतील कोण जाणे, पण बाहेर तर पडली.

मित्रांनो, घाण समजून काही घासायला जाल तेव्हा आधी वाकून बघा. आता जोडीने पुन्हा माझी जागा साफ करायला घेतली आहे. धोंडीबाई आल्या की आजही मला कापरे भरते. पण टाकीजवळ येताना त्या दोन्ही हात पाठीमागे धरून येतात.